उंबर फोडाच

उंबर फोडून केंबरं कशाला पाहायची, असं आपल्याकडे म्हणतात. वरून लालचुटुक दिसणारं फळ आत किड्यांनी भरलेलं असतं, तेव्हा उगाच उकरू नये, झाकली मूठ तशीच राहू द्यावी, असा त्या म्हणीचा सल्ला. बालवाडी ते दुसरीच्या वर्गांवर मी सत्तावीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस इथे थेरगावात. त्या बळावर सांगते, मुलांना शिकवण्याच्या बाबतीत इतका वाईट सल्ला दुसरा नाही. आणि आमच्या शाळा नेमक्या त्याच सल्ल्यावर चालल्या आहेत.

दर जानेवारीत आमच्याकडे 'इन्सेक्ट वीक' असायचा. जानेवारीतच का, तर प्रकाशकाने पाठवलेल्या वर्षाच्या आराखड्यात तो तिथे छापलेला होता म्हणून. जून-जुलैत कुंपणावर, पायरीवर, नळापाशी जिकडेतिकडे किडे निघालेले असतात. ते दोन महिने आम्ही दारं-खिडक्या लावून 'माय सेल्फ' आणि 'माय फॅमिली' शिकवायचो. सगळं वाळून गेलं, की मग किड्यांकडे वळायचो.

आणि त्या आठवड्यात मुलं करायची काय? कापसाचे रंगवलेले बोळे चिकटवून अळी. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे कापून त्यावर काळे ठिपके. घोटीव कागदाचं फुलपाखरू, पोटाच्या जागी कपडे वाळत घालायचा चिमटा. यातलं निम्म्याहून जास्त काम रात्री अकरा वाजता मुलांच्या आया करत, कारण सकाळी ते जमा करायचं असे. डांगे चौकाकडच्या स्टेशनरीच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या किड्यांची पाकिटं मिळतात. आमच्या शाळेनेही ती आणली होती. मी एकदा सगळे किडे टेबलावर मांडून त्यांचे पाय मोजले. कोळ्याला सहा पाय होते. मुंगीला चार. झुरळाच्या पोटाखाली पायच नव्हते, नुसती एक पट्टी. हे आम्ही चार-पाच वर्षांच्या मुलांच्या हातात देत होतो आणि 'हँड्स-ऑन ॲक्टिव्हिटी' म्हणून त्याचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकत होतो.

त्याच आठवड्यात मी वर्गाला विचारलं, मुंगीला पाय किती? बहुतेक सगळी ओरडली, चार! त्याच वेळी खिडकीच्या चौकटीवरून मुंग्यांची रांग पोळीचा तुकडा ओढत चालली होती. पोरांच्या नाकापासून हातभर अंतरावर. वर्गातल्या एकानेही तिकडे मान वळवली नाही आणि मीही त्यांना 'चला, मोजून बघू' म्हटलं नाही. मी फळ्यावर सहाचा आकडा लिहिला आणि पुढे गेले. माझ्या नोकरीतलं सगळ्यात लाजिरवाणं मिनिट कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन.

हात चालले म्हणजे शिक्षण झालं, हा जो समज पसरवून ठेवला आहे तो खोटा आहे. डिंकात बोटं बुडवून मुलाला डिंक कळतो, अळी कळत नाही. अळी कळायची तर अळी लागते. जिवंत, खाणारी, हगणारी, कात टाकणारी, कधी मरूनही जाणारी. तिच्याशी महिनाभर ओळख लागते. आमच्या वर्गांत दोन्ही नाहीत, ना जीव, ना वेळ. ज्यात जीव नाही त्याला निसर्गशिक्षण म्हणणं ही मुलांची फसवणूक आहे, आणि ही फसवणूक भरपूर फी घेऊन केली जाते, याची मला अधिक चीड येते.

त्या वर्षानंतर मी ठरवलं, की मला परवानगी असो वा नसो, वर्गात खरी वस्तू येईल. पहिली आली ती उंबरं. नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर झाडाखाली पडलेली सात-आठ मी पदरात घेऊन आले. स्टीलच्या ताटलीत ठेवली आणि सुरीने एक उभं कापलं. आत गुलाबी गर आणि त्यात वळवळणारे, तिळाहून बारीक, काळपट किडे. पोरं आधी किंचाळून मागे सरली. मग एकेक करून पुढे आली. मी भिंग दिलं आणि गप्प बसले. गप्प बसणं शिक्षकाला फार जड जातं. पाचेक मिनिटांनी एका मुलीने विचारलं, "बाई, हे आत गेले कुठून? भोक तर नाहीये."

या प्रश्नासाठी मी तिला जन्मभर विसरणार नाही. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, शोधा. चाकणच्या एका कंपनीत वडील कामाला असलेला एक मुलगा, एरवी वर्गात तोंड न उघडणारा, त्याने न कापलेलं उंबर फिरवून फिरवून पाहिलं आणि देठाच्या विरुद्ध टोकाला बोट ठेवलं. तिथे बारीक खवल्यांनी बंद झालेलं एक तोंड असतं. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून, रस्त्यावरून, कुठून कुठून अकरा उंबरं आणली होती. मोठ्या माणसांनी दिलेला गृहपाठ नसताना आणली होती.

मग मी सांगितलं. उंबर हे साधं फळ नाही, आत वळलेल्या असंख्य बारीक फुलांची ती पिशवी आहे. 'उंबराचं फूल झालास' असं आपण क्वचित दिसणाऱ्या माणसाला म्हणतो, कारण उंबराचं फूल कुणाला दिसत नाही. कसं दिसेल? ते पाहायला उंबर फोडावं लागतं, आणि फोडू नका म्हणून म्हण आधीच करून ठेवली आहे. त्या पिशवीच्या तोंडातून एक इवलीशी माशी आत शिरते. वाट इतकी अरुंद, की शिरताना तिचे पंख तुटतात. दुसऱ्या उंबरातून आणलेले परागकण ती आतल्या फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखांचे. ते आधी आपापल्या फुलांतून बाहेर येतात, माद्यांशी जुगतात, उंबराच्या भिंतीतून वाट कोरतात आणि बहुतेक आतच संपतात. माद्या त्या वाटेने पराग घेऊन उडून जातात, पुढचं उंबर शोधायला. ही माशी नसती तर उंबरात बी धरलं नसतं. बी नसतं तर झाड नाही, आणि झाड नसतं तर उंबरं खाणारी वटवाघळं, तांबट आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांनी खायचं काय?

सहा वर्षांची मुलं हे ऐकत होती आणि एकही जण चुळबुळत नव्हता. संध्याकाळी एका पालकांचा फोन आला, मुलीला मेलेले किडे का दाखवले, ती जेवताना तेच बोलत होती. मी त्यांना म्हटलं, ताई, ती जेवताना शाळेत काय झालं ते बोलत होती, हे याआधी कधी झालं होतं का? त्या थांबल्या. पण तक्रार वरपर्यंत गेलीच.

दुसरी गोष्ट बियांची. प्रत्येक शाळेत बी रुजवण्याचा एक दिवस असतो. ओल्या कापसावर मटकी किंवा राजमा, पारदर्शक पेला, त्यावर मुलाचं नाव. मोड आला की फोटो, आणि दुसऱ्या दिवशी पेला कचऱ्यात. मटकीला मोड येतात हे ज्या मुलाने घरी उसळ खाल्ली आहे त्याला ठाऊकच असतं. त्याला ठाऊक नसतं ते पुढचं. तो मोड मातीत गेला तर पानं कधी येतात, फूल कधी, फुलावर कोण बसतं, शेंग कुठून निघते, आणि त्या शेंगेत पुन्हा तीच मटकी कशी बसलेली असते. एका मटकीची पन्नास झालेली मुलाने स्वतः सोलून मोजली, तर त्याला शेती कळायला सुरुवात होते. आम्ही गोष्ट पहिल्या पानावर फाडतो आणि पुस्तक वाचून झालं म्हणून शिक्का मारतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझा हात अजून थरथरतो. शाळेचं नाव घेत नाही. खिडकीत मी लिंबाची एक कुंडी ठेवली होती. जुलैत एक फुलपाखरू येऊन कोवळ्या पानांवर अंडी घालून गेलं. मोहरीपेक्षा लहान, पिवळसर, मोत्यासारखं गोल एकेक अंडं. त्यातून अळ्या निघाल्या आणि निघाल्यानिघाल्या त्यांनी आपलंच टरफल खाल्लं. सुरुवातीला ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळी-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा. मुलांनीच ते ओळखलं: "म्हणून तिला चिमणी खात नाही!" मग कात टाकत टाकत ती हिरवीगार झाली. काडीने हळूच डिवचलं की डोक्यामागून नारिंगी, दोन शेंड्यांचं शिंग बाहेर काढायची आणि आंबूस उग्र वास सोडायची. रोज सकाळची पहिली दहा मिनिटं त्या तीन अळ्यांची होती. काल किती पानं होती, आज किती उरली, याचा हिशोब मुलं भिंतीवर रेघा ओढून ठेवत. वजाबाकी मी वेगळी शिकवली नाही.

त्याच आठवड्यात शाळेची तपासणी होती. शनिवारी दुपारी इमारतभर औषध फवारून घेतलं गेलं. मला कुणी विचारलं नाही, कळवलंही नाही. सोमवारी मुलं माझ्या आधी खिडकीपाशी पोचली होती. तिन्ही अळ्या फरशीवर पडल्या होत्या, आक्रसलेल्या, काळवंडलेल्या. उंबराचं तोंड शोधणाऱ्या त्या मुलाने विचारलं, "बाई, कुणी मारलं?" आणि मी म्हणाले, आजारी पडल्या रे. मला वरून सांगितलं गेलं होतं, विषय वाढवू नका, दुसऱ्या आणू. मी विषय वाढवला नाही. मुलासमोर खोटं बोलले. त्याची शरम मला आजही आहे, आणि ती शरम वाटत राहावी असंच मला वाटतं.

कारण त्या सोमवारी वर्गातली मुलं एक धडा नक्की शिकली. किडा दिसला की फवारायचं, आणि मेला की कुणी विचारलं तर लपवायचं. हा धडा शाळेपुरता राहत नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. औषध कोणतं, किती, कशात मिसळायचं, आणि मुळात ती कीड कोणती, हे सांगायला त्या बांधावर कुणी नव्हतं. मावा खाणारा ढालकिडा मित्र आहे आणि मावा शत्रू, एवढं ओळखणारा डोळा सहाव्या वर्षी तयार होऊ शकतो. तो आम्ही तयार करत नाही, त्याच्यावर फवारा मारतो.

कुणी म्हणेल, हे शहर आहे, इथे काय होणार. जिथे विकतची साधनंही नव्हती, त्या डहाणूकडे मी त्यांना बघायला सांगते. 1945 साली तिथल्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये ते काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं वारली पाड्यांत आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, दगड-गोटे हीच साधनं केली. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत असं दिसल्यावर शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. आज देशभर जो 'अंगणवाडी' शब्द चालतो तो त्याच कामातून आला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना 1975 सालची, म्हणजे तीस वर्षांनंतरची. या बाईंनी अंगणाला वर्ग केलं. आपण शहरांत कित्येक अंगणवाड्या अशा खोल्यांत बसवल्या, की त्यांना अंगणच उरलं नाही, आणि पैसेवाल्यांच्या शाळांत अंगण होतं तिथे पेव्हर ब्लॉक आणि हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. त्या गवताखाली गांडूळ राहत नाही. त्यावर मुंगी चालत नाही.

कागदावर कसलीच उणीव नाही. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि 2022 चा पायाभूत स्तराचा आराखडा, दोन्ही सांगतात की तीन ते आठ वर्षांचं मूल खेळातून, हाताळून, अवतीभवती पाहून शिकतं. शाळांच्या माहितीपत्रकांत ही वाक्यं छापलेली असतात. आणि ती छापणारेच शिक्षिकेला विचारतात, पोर्शन कुठवर आला, वर्कशीट किती झाल्या.

थेरगावसारख्या ठिकाणी तर ही माती खाण्याची गरजच नव्हती. माझ्या वर्गात लातूर, बीड, परभणी, बुलढाणा, सोलापूर, सगळीकडची मुलं असत. बाप भोसरी-चाकणला कंपनीत, नाहीतर हिंजवडीला, आणि आजी-आजोबा गावी शेतात. त्या आजीला किड्यांची जेवढी नावं येतात तेवढी आमच्या एकाही तक्त्यावर नाहीत. बोंडअळी, घाटेअळी, उंटअळी, हुमणी, तुडतुडे, भिरूड. आमच्या भाषेत केसाळ असतो तो सुरवंट आणि गुळगुळीत असते ती अळी. सुरवंटाला हात लावायचा नाही, अंगाला खाज सुटते, हे त्या नावातच मुलाला कळतं. आम्ही दोघांना 'कॅटरपिलर' करून टाकलं आणि ज्ञान पुसलं. मृगाचा लाल मखमली किडा मुलाने हातावर घेऊन पाय मोजले तर आठ भरतात, म्हणजे तो कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद. आजी 'मृगाचा किडा' म्हणते, मूल 'याला आठ पाय आहेत' म्हणतं, आणि दोघंही खरं बोलतात. असा तास मला कोणत्याही डिजिटल फळ्यावर घेता आला नाही. एका पावसाळ्यात गावाहून आलेल्या एका आजींना मी वर्गात बसवलं. त्यांनी पिशवीतून आणलेली कपाशीची बोंडं फोडून आतली गुलाबी अळी दाखवली. एवढ्याशा किड्याने त्यांच्या घरात किती रडारड झाली होती, तेही सांगितलं. त्या बोलत होत्या तेव्हा पोरं त्यांच्या मांडीला टेकली होती.

भीतीचं म्हणाल, तर ती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. गांधीलमाशी डसते, गोम चावते, विंचवाचं तर विचारूच नका. म्हणून तर शिकवायचं. कशाला हात लावायचा नाही हे ज्याला ठाऊक आहे तेच मूल सुरक्षित असतं. ज्याला सगळेच किडे सारखे वाटतात ते एकतर सगळ्यांना घाबरतं, नाहीतर नको त्याला हात घालतं.

आणि डास. थेरगावकरांना डासांबद्दल कुणी सांगायला नको. उन्हाळ्यात पवना नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, केजुदेवी बंधाऱ्याच्या बाजूने चालत गेलं की पाणी दिसतच नाही, आणि संध्याकाळी दारं लावून घ्यावी लागतात. पावसाळ्यात डेंगी. आम्ही मुलांकडून काय करून घेतो? डासाच्या चित्रावर लाल फुली. मी एका वर्षी कूलरमधलं पाणी बरणीत घेऊन वर तलम कापड घट्ट बांधलं आणि बरणी टेबलावर ठेवली. पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून लटकलेल्या अळ्या. बरणीला टिचकी मारली की वळवळत तळाशी. श्वास घ्यायला पुन्हा वर. मुलांनी वर-खाली जाणं मोजलं. काही दिवसांत त्यांचे स्वल्पविरामासारखे कोष झाले, तसं आम्ही सगळ्यांनी मिळून ते पाणी कोरड्या मातीत ओतलं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, हे मग मला सांगावं लागलं नाही. एका मुलीने घरी जाऊन पिंपाखालच्या, फ्रिजमागच्या, कुंडीखालच्या ताटल्या उपड्या केल्या आणि आजोबांच्या पाण्याच्या रांजणावर फडकं बांधलं. दारोदार फिरणारे महापालिकेचे कर्मचारी जे सांगून थकतात, ते एका बरणीने केलं.

शिक्षिकांनो, तुम्हाला वेळ नाही हे मला माहीत आहे. चाळीस पोरं, पाच रजिस्टरं, रोजचे फोटो. तरी सांगते, ते फोटो बंद करा. जिवंत वस्तू फोटोसाठी वेळेवर हलत नाही. पहिल्या वर्षी एकच कुंडी ठेवा, लिंबाची नाहीतर कढीलिंबाची. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून ज्या राणी पाखराला मान दिला, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. आवाराच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली रुई उपटू नका, तिच्यावर वेगळी फुलपाखरं येतात. अळीतून एखाद्या दिवशी फुलपाखराऐवजी बारीक माशी बाहेर पडेल, कारण दुसऱ्या कुणी तिच्यात अंडी घातलेली असतील. तेव्हा ते लपवू नका. मुलांना बघू द्या.

आणि संस्थाचालकांना माझं एवढंच म्हणणं आहे, की तुम्ही साधनांवर खर्च करू नका. जून ते सप्टेंबर एका खिडकीत फवारणी करू नका आणि शिक्षिकेला रोज दहा मिनिटं द्या. याला पैसा लागत नाही. याला लागते ती किड्याकडे बघायची लाज सोडण्याची तयारी, आणि ती तुमच्याकडे नाही म्हणून तुम्ही प्लॅस्टिकची पाकिटं घेता.

निवृत्त झाल्यावर मी माझ्या गॅलरीत लिंबाच्या पाच कुंड्या वाढवल्या. तीन पावसाळे झाले, दरवर्षी अंडी येतात. यंदा मे महिन्यात मी आसपासच्या सात शाळांत जाऊन सांगितलं, कुंडी मी आणून देते, पाणी मी घालून जाते, दर सोमवारी मुलांबरोबर बसते, पैसे नकोत. सहा जणांनी बघू म्हटलं. सातवी एक अंगणवाडी, पत्र्याची एकच खोली. तिथल्या सेविकाताईंनी कुंडी कुठे ठेवायची ते दाराबाहेर हात करून दाखवलं, जिथे सकाळी ऊन येतं. कुंडी तिथे आहे. काल त्यांचा फोन आला, वरून तिसऱ्या पानामागे पिवळं काहीतरी गोल चिकटलंय, पुसू नका ना म्हणून मुलं मागे लागली आहेत.